रिप्लेचा मालक

हा किस्सा दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्या कानावर येण्याआधी मीच सांगून टाकतो. लोकांच्या सांगण्यात तपशील चुकतात, आणि फजिती माझी असली तरी ती नीट क्रमानं सांगितली जावी, एवढा माझा आग्रह आहे.

शिवाजी पेठेत माझा फोटो स्टुडिओ. आमच्याकडं तालमींचे फुटबॉल संघ असतात; लग्नसराई नसली की मी आमच्या तालमीचे सामने माझ्या चॅनेलवर थेट दाखवतो. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं, गगनबावड्याला दिलेल्या लेकी, सगळी पेठ तिथं जमते आणि पंचाला शिव्या घालते. चॅनेलची शान म्हणजे रिप्ले. एक मोबाइल मैदानाच्या कडेला मध्यावर, एक गोलपोस्टमागं आणि जोडीला जुना लॅपटॉप. गोल झाला की पडद्यावरून तालमीचा झेंडा सळसळत जातो आणि तोच गोल मागच्या बाजूनं, संथ गतीनं दिसतो. हे मला कुणी शिकवलं? कुणीही नाही. माझं मी शोधलं.

बायको म्हणाली, क्रिकेटमध्ये दाखवतातच की. मी शांतपणे समजावलं, त्यांच्याकडं गाडीभर यंत्रं असतात. माझ्याकडं खुर्चीला बांधलेला मोबाइल आहे. फरक आहे की नाही?

तर एका रविवारी सलीमच्या चॅनेलवर हुबेहूब तसाच रिप्ले दिसला. सलीम म्हणजे शेजारच्या पेठेतला मांडव-स्पीकरवाला, तिकडच्या तालमीचे सामने दाखवणारा. झेंडासुद्धा तसाच सळसळत गेला, फक्त रंग त्यांचा.

नेमका त्याच आठवड्यात मी एक लेख वाचला होता. परदेशात म्हणे अशा कंपन्या आहेत, ज्या स्वतः काहीच बनवत नाहीत. व्हिडिओ दाबून लहान कसा करायचा, मोबाइलवर न अडकता कसा चालवायचा, असल्या युक्त्यांची पेटंटं विकत घेऊन बसतात. मग बड्या बड्या मोबाइलवाल्यांना नोटीस: आमची युक्ती वापरताय, लायसन घ्या, नाहीतर कोर्टात या. आता मला सांगा, विकतच्या युक्तीवर माणूस एवढा रुबाब करतो, तर स्वतः शोधलेल्या युक्तीवर मी किती करावा?

मी सलीमला नोटीस धाडली. व्हॉट्सअॅपवरच, पण मुद्देसूद. रिप्लेची मालकी माझी, सबब तोंडावर आलेल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यानं तो वापरू नये. त्याचं उत्तर आलं, "आण्णा, जेवलासा काय?"

मी तिकडं दुर्लक्ष केलं. नोटीस मात्र ग्रुपाग्रुपांतून फिरली. त्यांची तालीम म्हणायला लागली, गोल आमचा, मग रिप्लेही आमचाच. आमची तालीम म्हणाली, मग झेंडा फिरवायची युक्ती परत करा. अंतिम सामना दाखवायचं काम आम्हा दोघांपैकीच एकाला मिळणार होतं. संयोजक वैतागून म्हणाले, सामन्याआधी मिटवा, नाहीतर पुण्याची पार्टी बोलावतो.

पुण्याची पार्टी! आमच्या मैदानावर! आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

आमच्या तालमीत बैठक बसली. मी माझ्या मेहुणीला घेऊन गेलो. ती वकील आहे. सलीम एकटाच आला आणि कोपऱ्यात चहा धरून बसला.

मेहुणीनं विचारलं, "दाजी, पेटंटचा अर्ज केलाय?"

"करणार हाय की. आदी ह्याला थांबीव."

"बरं. ही युक्ती आतापर्यंत कुणाला सांगितलीय?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. "कुणाला म्हंजे? अख्ख्या जगाला."

आणि पुरावा म्हणून मी माझा जुना व्हिडिओ तालमीच्या टीव्हीवर लावला. त्यात मी इस्त्रीचा शर्ट घालून एकेक वायर कुठं जोडायची ते सावकाश समजावून सांगतोय. शेवटी हात जोडून म्हणतोय, बिनधास्त वापरा, अडलं तर फोन करा.

मेहुणीनं पेनाला टोपण लावलं. "दाजी, अर्जाच्या आधी जगजाहीर केलेल्या युक्तीवर पेटंट मिळत नसतं."

"आणि जगजाहीर केली कुणी?" तालमीच्या अध्यक्षांनी विचारलं. टीव्हीवर मी अजून हात जोडून उभा होतो.

तेवढ्यावर भागलं असतं. पण कुणीतरी खालच्या कमेंटा उघडल्या. पहिलीच सलीमची: "आण्णा, लै भारी. मी करू काय?" खाली माझं उत्तर: "कर की. त्यात इचारायचं काय?"

सलीम कपातला चहा न्याहाळत म्हणाला, "म्हणून केलं, आण्णा."

काम दोघांनी मिळून करावं, असं ठरलं. मी मोठ्या मनानं कबूल झालो. दुसरं मन शिल्लक नव्हतं.

अंतिम सामन्यात शेवटी शेवटी गोल पडला. मी बटण दाबलं. झेंडा सळसळत निघाला आणि पडद्याच्या मधोमध अडकला. कोडोलीहून कुणीतरी लिहिलं, झेंडा बघिटला, गोल दावा. मी तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिलो. सलीमनं शेजारून हात घातला, काहीतरी दाबलं, झेंडा सुटला आणि गोल दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दिसला. असला रिप्ले मी जन्मात काढला नव्हता.

सामना संपल्यावर मी हळूच जवळ गेलो. "सलीम, ह्ये कसं केलंस रं?"

त्यानं लॅपटॉप अलगद मिटला. "सांगतो की, आण्णा. पण आदी तुमच्या मेव्हणीस्नी इचारून येतो."