पाशाभाईंची धडधड

चौसाळ्यात पाशाभाईंना सगळे घाबरट म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, ते होतेच घाबरट. विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, पण उतरायच्या आधी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडणार. ज्योत विझली तर हवा खराब, अशी त्यांच्या वडलांची शिकवण. हल्ली तर ज्योत जळत असली तरी ते अर्ध्यातून वर यायचे. छातीत धडधड, हातपाय गार. त्यांच्याच धंद्यातला धाकटा भाऊ अशफाक पोट धरून हसायचा. "भाईजान, तुमी वर बसून चहा प्या," म्हणत तोच उतरायचा.

पाशाभाई मनातून पार खचले होते. लेक सहर पुण्यात मेंदूवर संशोधन करते. ती सुट्टीवर आली तेव्हा चहा पिता पिता त्यांनी हिय्या करून विचारलं, "बेटा, मला येड तर लागलं न्हाई ना?"

सहर हसली नाही. "न्हाई अब्बा. कोंडलेली हवा छातीत गेली की रक्त जरासं आंबट होतं. मेंदूच्या पेशींवर बारीक बारीक दारं असतात, तो आंबटपणा लागला की ती उघडतात. मग आमच्या प्रयोगातला उंदीर भीतीनं जागच्या जागी थिजतो. माणसाचं अजून ठाम सांगता येत न्हाई, पण तुमची दारं जरा लवकर उघडत असतील."

केवढं हायसं वाटलं त्यांना! मग सहज विचारलं, "आन् दारंच नसली तर?"

"तसे उंदीर पण असतात आमच्याकडे. खराब हवेत सोडा, निवांत फिरत राहतात."

पाशाभाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. अशफाक! जन्मात कधी घाबरला नव्हता तो. आज तो सुभद्राबाईंच्या शेतात मोटार बसवायला गेलता. तिथली विहीर कैक वर्षं फरशीनं झाकलेली, तळाला पाचोळा कुजलेला. आणि कंदील तर इथंच खुंटीला होता.

अशफाकचा फोन नुसताच वाजत राहिला. "या अल्लाह," म्हणत त्यांनी गाडीला किक मारली. सहर मागं बसली. वाटेत त्यांना एकच दिसत होतं, भावाचा तो हसरा चेहरा.

विहिरीवर सुभद्राबाईंचा मुलगा प्रविण दोर धरून आरामात उभा होता.

"कंदील कावून सोडला न्हाई बे?" पाशाभाई ओरडले.

"सोडली की बॅटरी! दोरीला बांधून सोडली. तळापर्यंत लख्ख उजेड हाय, म्हणले अशफाकचाचा, आन् उतरले."

सेलवरची बॅटरी कधी हवेनं विझते का?

पाशाभाईंनी काठावरून हाका मारल्या. खाली कपारीला टेकून बसलेला अशफाक मानसुद्धा वर करेना. नशीब, दोर कमरेला होता. तिघांनी जीव खाऊन ओढला. वर आला तेव्हा मान लुळी, ओठ काळपट. सहरनं त्याला कुशीवर वळवलं, प्रविणला ॲम्ब्युलन्सला फोन करायला लावला. पाशाभाई नुसते त्याचं नाव घेत राहिले.

कितीतरी वेळानं अशफाकनं डोळे किलकिले केले.

"कावून ओढलं भाईजान? लई मस्त वाटत होतं. जरा डोळा लागायलता."

पाशाभाईंनी त्याच्या एक थोबाडीत ठेवून दिली. मग हमसून रडत त्याचं डोकं आपल्या धडधडत्या छातीवर घट्ट दाबलं.

"हे ऐक," ते म्हणाले. "इथून पुढं हे वाजलं की तू पण वर यायचं."