मोटारसायकल, अक्का आणि पऱ्हाट्यांचा ढीग

माझ्या नवऱ्याची मोटारसायकल मी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात घातली, तेव्हा मागे माझी सासू बसलेली होती.

हे एकदा मीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या नातेवाइकांत या अपघाताचे अनेक प्रकार फिरताहेत. एकात विहीर आहे, एकात मी दारूच्या दुकानात घुसले आहे, आणि चोपड्याला पोचला त्या प्रकारात बिबट्यासुद्धा आहे! (बिबट्या नव्हता. ट्रक होता, पण त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.)

मी जळगावात एका शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. पन्नाशी उलटून गेली आहे. हे होते तोवर मोटारसायकलशी माझा संबंध मागच्या सीटपुरताच होता. दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर भाजीची पिशवी, आणि तोंडाने अखंड सूचना. "हळू." "अहो, खड्डा." "अहो, म्हैस!" हे म्हणायचे, "सुनंदा, गाडी मी चालवतोय असं फक्त लोकांना वाटतं."

मग मागच्या वर्षी हे गेले. गाडीवर नाही हो. इतकी वर्षं त्यांनी जळगाव-धुळे रस्त्यावर गाडी हाणली, कधी साधं खरचटलं नाही. सकाळी अंगणात खुर्चीत बसले, मला म्हणाले, "चहा टाक," आणि मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत संपलं होतं सगळं. चहा हातात तसाच.

त्यानंतर जो येई तो मला सांगे, "गाडी विकून टाक. उगाच दारात धोका." धोका! माणूस खुर्चीत गेला. पण खुर्ची विकून टाक असं मला एकानेही सुचवलं नाही.

अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, रडल्या नाहीत. पोटचा मुलगा, त्यांचा विलास, गेला, पण डोळ्यांतून टिपूस नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी ताट घेऊन बसायच्या आणि तुरीची डाळ निवडायच्या. आमचं जळगाव म्हणजे डाळमिलचं गाव. पाकिटातल्या डाळीत खडा शोधून सापडत नाही. तरी अक्का निवडायच्या. निवडून झाली की पुन्हा डब्यात ओतायच्या, पुन्हा ताटात घ्यायच्या. मी त्यांना काही म्हणत नसे. मीही रोज सकाळी गाडीवरची चादर काढून गाडी पुसायची आणि पुन्हा चादर घालायची. एका घरात दोन शहाण्या बायका!

शेवटी धुळ्याहून माझे दीर, प्रकाश भाऊजी, एक गिऱ्हाईकच घेऊन आले. कुणी काळा चष्मावाला तरुण होता. त्याने चादर ओढली, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "डबा झालाय काका हिचा."

लाथ टायरला बसली, पण लागली मला.

"विकायची नाहीये," मी म्हटलं.

"अहो वहिनी, पण ठेवून करणार काय? चालवणार कोण?" भाऊजी म्हणाले.

"मी!"

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही. काळा चष्मा हसला. भाऊजी हसले. आणि आतून, दाराशेजारून, अक्कांचा आवाज आला. कित्येक दिवसांनी आला, "गाडी इकानी नही शे. ती चालाडी."

झालं! आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

गिऱ्हाईक भाऊजींनीच आणलं होतं, म्हणून शिकवायची शिक्षाही त्यांनाच झाली. दर रविवारी ते धुळ्याहून बसने यायचे आणि मला गावाबाहेरच्या मैदानावर न्यायचे. आयुष्यभर मी पोरांना विचारत आले, "लक्ष कुठे आहे तुझं?" आता भाऊजी मला विचारू लागले. "वहिनी, क्लच! क्लच डावीकडे! डावा हात कोणता? जेवतो तो नाही, दुसरा!" मैदानावर बकऱ्या चरायच्या. पहिल्या रविवारी त्या पळाल्या. नंतर मात्र माझा वेग त्यांच्या लक्षात आला आणि त्यांनी पळणं सोडून दिलं.

हळूहळू जमू लागलं. पहिला गिअर, दुसरा गिअर. भाऊजी म्हणाले, "आता एकटीने गल्लीत फिरवा. मागे कुणाला घेऊ नका." (शिकाऊ परवान्याच्या परीक्षेतही हा प्रश्न होता. मी त्याचं उत्तर अगदी बरोबर दिलं होतं!)

त्या रविवारी भाऊजी आले नव्हते. मी गाडी बाहेर काढली आणि वळून बघते तर गाडीशेजारी अक्का उभ्या. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले, हातात पिशवी.

"अक्का, कुठे निघालात?"

"तुनासंगे."

"पण कुठे जायचं?"

"कोठे बी."

हे गेल्यापासून अक्कांनी उंबरठा ओलांडला नव्हता. आता तुम्हीच सांगा, अशा बाईला 'मागे कुणी बसू नये असा नियम आहे' म्हणून कसं सांगायचं? मी म्हटलं, "बसा. घट्ट धरा."

गल्लीत ठीक होतं. गल्ली संपली तरी ठीक होतं. हवा गार होती, अक्कांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि मला वाटलं, अरे, येतंय की आपल्याला! इथेच चुकलं. मी गावाबाहेरच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंनी शेतं. समोरून रावेरकडचा केळीचा ट्रक आला आणि त्याने भला मोठा हॉर्न दिला. ट्रक त्याच्या बाजूने जात होता. रस्ता रुंद होता. तिसऱ्या माणसाला तिथे काही अडचण दिसली नसती.

मला मात्र एवढंच सुचलं की काहीतरी जोरात पिळलं पाहिजे. मी ब्रेक समजून अॅक्सिलरेटर पिळला.

गाडीने उडी मारली, रस्ता सोडला आणि शेताचा रस्ता धरला. मी डोळे मिटले. (ही आणखी एक चूक. डोळे मिटल्याने गाडी थांबत नाही, फक्त आपल्याला दिसेनाशी होते.) आणि माझ्या कानाशी अक्का ओरडल्या:

"विलास! बिरेक दाब! विलास!"

मग कडाड कडाड असा आवाज झाला आणि आम्ही थांबलो.

त्या शेतात एक कुटुंब भरिताची पार्टी करायला आलं होतं. वांगी भाजायला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग रचून ठेवला होता. अजून पेटवला नव्हता, ही देवाची कृपा! गाडी ढिगात उभीच्या उभी रुतली होती. मी ढिगाच्या पलीकडे वांग्यांच्या टोपलीवर, आणि अक्का ढिगाच्या मधोमध, गादीवर बसल्यासारख्या. डोक्यावर दोन-तीन बोंडं. पिशवी हातात तशीच.

मी रांगत गेले. "अक्का! लागलं का हो?"

"नही माय." त्या समोर बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मी विलासले हाक मारी का?"

मी मान हलवली.

"मांगे बसनू का तोंडमा तेच नाव येस," त्या म्हणाल्या. "सवय शे ना."

आणि अक्का रडल्या. एवढ्या दिवसांचं सगळं, त्या काट्याकुट्यांत बसून, मोठ्याने, गळा काढून. मी त्यांना धरलं आणि मीही सुरू झाले. पार्टीतली मंडळी धावत आली. शहरात मंडप डेकोरेशनचा धंदा करणारे हमीदभाई, त्यांची बायको सलमाबी, लेकी-जावई, सगळे. कुणी पाणी आणलं, कुणी हळद.

"कहाँ लगा अम्मा? पाँव में? कमर में?"

अक्का नुसत्या मान हलवत होत्या. कुठे लागलं ते कसं दाखवणार? सलमाबींनी बराच वेळ आमच्याकडे पाहिलं. माझा मंगळसूत्राविना मोकळा गळा पाहिला असेल, काय पाहिलं कोण जाणे. त्या ढिगात येऊन बसल्या, अक्कांचं डोकं खांद्यावर घेतलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, "रोने दो. कोई कुछ मत पूछो."

इथपर्यंत अपघात बराच व्यवस्थित झाला होता. गोंधळ पुढे झाला.

माझं डावं मनगट सुजून केळफुलासारखं झालं होतं. हमीदभाईंनी माझा फोन उचलला. काचेला तडे गेले होते, तरी जीव होता. त्यांनी शेवटचा नंबर लावला. तो भाऊजींचा. शेतात रेंज यथातथाच.

"हॅलो! आपकी भाभी और अम्मा गिर गये!"

तिकडे धुळ्यात भाऊजींना ऐकू आलं, "गुजर गये."

"काय? दोघी?"

"हाँ हाँ, दोनों साथ में! आप फौरन आ जाओ!" आणि फोनने मान टाकली.

आम्हाला यातलं काही माहीत नाही. हमीदभाईंनी त्यांच्या टेम्पोतून आम्हाला दवाखान्यात नेलं, माझ्या हाताला प्लास्टर झालं, मग घरी सोडलं. सलमाबींनी डबा भरून भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बरोबर दिल्या. "आमच्या पार्टीत तुम्ही एवढ्या जोरात आल्या," त्या म्हणाल्या, "खाल्ल्याशिवाय कसं जाऊ देणार?"

तर दुपारी अक्का आणि मी अंगणात बसून भरीत खात होतो. अक्का मला घास भरवत होत्या, कारण उजवाही हात खरचटला होता. भरीत यांच्या फार आवडीचं; यंदाच्या थंडीत ते घरात झालंच नव्हतं. अक्का आपणहून बोलत होत्या. विलास लहानपणी वांगं भाजताना भुवया कसा जाळून आला ते सांगत होत्या. मी हसत होते, आणि नाकातून पाणी येत होतं. (मिरची खानदेशी होती. पण नुसती मिरची नव्हती.)

एवढ्यात कोपऱ्यावर रडारड ऐकू आली.

"कोण गेलं बाई?" मी म्हटलं.

एक जीप दारात थांबली. तिच्यात धुळ्याची सगळी मंडळी. सर्वांत पुढे आमच्या आत्याबाई, पदर तोंडाला लावून, "लक्ष्मी होती हो आमची सुनंदा! शब्द कधी मोडला नाही हो!" इतक्या वर्षांत आत्याबाईंनी माझ्याबद्दल बरा शब्द काढलेला कुणी ऐकला नव्हता. धुळ्यापासून जळगावपर्यंत म्हणे त्या माझे गुण गात होत्या, आणि नेमकी मीच जीपमध्ये नव्हते!

त्यांनी पदर बाजूला केला. मी घास चावत होते.

"अगं बाई!" आत्याबाई म्हणाल्या. "आहेस का तू?"

"आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आवाजात थोडी माफी आपोआपच आली.

त्यांच्या मागून भाऊजी उतरले. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात बूट. अक्कांना बघितलं, मला बघितलं, आणि फाटकातच मटकन खाली बसले. आधी हसू लागले. सगळे हसू लागले. मग माझ्या लक्षात आलं की भाऊजी हसत नाहीयेत.

मी जवळ गेले. ते म्हणाले, "वहिनी, दादा गेल्याचा फोन आला होता तेव्हाही मी असाच निघालो होतो. तोच रस्ता. तेव्हा वाटेत म्हणत होतो, देवा, चुकीचा फोन असू दे. नव्हता. आज पुन्हा म्हणालो."

अक्का उठल्या. खरकट्या हाताने त्यांनी लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, "आज चुकना ना फोन. चाल, भरीत खाय."

सगळ्यांना पुरलं नाही. मग शेजारून भाकरी आल्या, कुणी शेव आणली, कुणी कांदे फोडले. आमच्या अंगणात इतकी माणसं एकदम जेवायला हे गेल्यानंतर पहिल्यांदाच बसली होती. मधेच कुणीतरी यांची गोष्ट काढी, सगळे हसत, आणि एकदम गप्प होत. मग अक्काच पुढची गोष्ट काढत.

निघताना भाऊजी प्लास्टरकडे बघून म्हणाले, "आता तरी गाडी विकायची ना?"

"हा डावा हात," मी म्हटलं. "क्लचचा. चूक उजव्याने केली होती."

प्लास्टर निघालं. मी पुन्हा मैदानावर गेले, बकऱ्यांनी मला ओळखलं, आणि यथावकाश मला परवाना मिळाला. या अपघातातून मी काय शिकले, असं शाळेतल्या बाई विचारतात. ब्रेक कुठे असतो ते शिकले. डोळे उघडे ठेवायला शिकले. ट्रकवाले हॉर्न आपल्यावर रागावून वाजवत नाहीत, हेही शिकले. आणि रडायचं असेल तर फार दिवस डाळ निवडत बसू नये. पण हे मी त्यांना सांगत नाही, त्या वाहतुकीचं विचारत असतात.

आता दर रविवारी मी आणि अक्का बाजाराला जातो. मी गाडी काढते आणि म्हणते, "चला अक्का, बसा."

अक्का गाडीकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि अगदी मायेने म्हणतात, "तू जाय माय. मी रिक्षामा येस."

येतानाही तेच. मी घरी पोचते तेव्हा अक्का पिशवी घेऊन फाटकात उभ्या असतात. मी दिसेपर्यंत आत जात नाहीत. भाजी सुकून जाते.

"अक्का, आत जाऊन बसायचं ना!" मी म्हणते. "माझ्यामागून निघालात, आणि आधी पोचलात कशा?"

परवा रिक्षावाल्यानेच उत्तर दिलं.

"बाई," तो म्हणाला, "मी तर वाटेत पंक्चरसुद्धा काढून घेतलं."