तळहाताएवढं पापलेट

मासा कापायला देण्याआधी तो वितीने मोजायची माझी जुनी सवय आहे. पूर्वी पापलेट वीतभर असलं तरच पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, निघायची. आज तळहाताएवढ्या पापलेटात निघाली.

"एवढ्या लहानपणीच?" मी कोळीणमावशींना विचारलं.

"मोठं होऊ देतंय कोण त्याला? मग उरकतं बिचारं लवकर." विळीवरून मान न उचलता त्या पुढे म्हणाल्या, "आणि भाऊ, गाबोळीचंच द्या म्हणून वीस वर्षं हटून कोण बसतंय?"

समुद्राचा हिशेब मला येत नाही, पण माझ्या रविवारांचा येतो. वर्षाला पन्नास तरी.

त्यांनी फुगल्या पोटाचं दुसरं पापलेट पुढे केलं. मी ते हळूच टोपलीत परत ठेवलं, जणू तिथून ते समुद्रात जाणार होतं.