बाइंडिंगच्या वर्गातलं चौथं नाव

मामा म्हणजे बाइंडिंगचे मास्तर. तीस वर्षं त्यांनी शिकाऊ पोरांना पुस्तकं शिवायला शिकवली. प्रवेश संपत आले की ट्रेनिंग सेंटरचा क्लार्क दाराजवळच्या फळ्यावर आकडे लिहायचा, कुठल्या कामाला किती आले ते. त्या वर्षी इलेक्ट्रिशियन बेचाळीस, वेल्डर एकतीस, शिवणकाम एकोणीस, सुतारकाम नऊ. सगळ्यात खाली बाइंडिंग. तीन.

आणि नियम असा, की चारच्या खाली गेलं की वर्ग बंद.

मामा घरी आले ते चपला न काढताच बसले. "वेल्डिंगवाला म्हणतो, तुमची तीन आमच्यात घाला. मी म्हटलं, तू लोखंड जोड बाबा, फाटलेलं आम्ही बघतो."

मामी म्हणाली, "जोक मारताय, पण तोंड उतरलंय. आणा की चौथा कुणीतरी धरून."

"धरून आणलेला शिकत नसतो गं."

मामी खळ ढवळत राहिली. वर्गाला लागणारी खळ इतकी वर्षं तीच घरी शिजवायची, गुठळी म्हणून सापडायची नाही.

दोन दिवसांनी फळ्यावर चार. दुसरा कुणी असता तर गपचूप बसला असता. मामा पडले नाकासमोर चालणारे, थेट आत गेले. "अहो, आकडा चुकलाय तुमचा. माझे तीनच आहेत."

क्लार्कला हसू आवरेना. "मास्तर, चौथं नाव तुमच्याच घरचं. काल फॉर्म भरून गेल्या. वयाची अट नाही ना, हे तीनदा विचारलं."

वर्गात मामी त्यांना सर म्हणायची, पोरं तोंड दाबून हसायची. तिची पहिली वही वाकडी शिवली गेली. मामांनी सगळ्यांदेखत उसवली. "परत शिवा."

घरी ती फुगून बसली. "बायकोची तरी उसवायची नव्हती."

"वर्गात बायको कुठं होती? चौथी होती."

मामी पास झाली, मग त्यांच्याच हाताखाली लागली.

मामांना जाऊन आता पाच महिने झाले. त्यांच्या पाकिटात कागदाच्या घडीत एक दोरा निघाला, वाकडातिकडा, टाक्यांच्या वळ्या तशाच. मामीनं लगेच ओळखला. तेव्हाच काय ती मोठ्यानं रडली.

वर्ग आता तीच घेते. यंदा फळ्यावर परत तीन आले होते. काल चार झालेत. चौथं नाव मामांच्या भाचीचं, सातवीत शाळा सुटलेली ती. तीच हे लिहितेय.

मामी म्हणाली, "भाची असशील घरी. वाकडं शिवलंस तर उसवीन हं."