दिघी, दोन, तीन

आगरदांड्याच्या कोळीवाड्यात केसरचं नाव काढलं की जुनी माणसं अजून हसतात. बाई रागीट. तोंड सुटलं की बंदरावरची कुत्रीसुद्धा उठून जायची. पण तिच्या रागाला कारण असायचं, आणि सगळ्यात मोठ्या रागाला तर होतंच होतं.

तेव्हा महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. केसरचा नवरा अंबाजी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. त्याच्या खलाशांचा भात केसर रांधायची. तांदूळ यायचा बाळाजीशेटच्या दुकानातून, दर बाजाराला ठरलेला, आणि तो पुढच्या बाजारापर्यंत बिनघोर पुरायचा. मग पुरेनासा झाला. आधी शेवटचा दिवस पेजेवर निघाला, मग त्याच्या आधलाही. केसरनं स्वतःच्या ताटातला भात कमी केला, तरी रांजणाचा तळ दिसायचा तो दिसायचाच.

एका दुपारी खलाशी जेवायला बसलेले असतानाच भात संपला. अंबाजीनं रिकाम्या टोपाकडं पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "तांदूळ दिघीला जातो काय गो?"

दिघी खाडीपलीकडं. तिथं केसरची विधवा आई एकटी राहायची. केसर अधूनमधून तरीच्या होडीनं जाऊन तिला भेटून यायची, बरोबर मूठभर सुके बोंबील. तांदळाचा दाणा तिनं कधी नेला नव्हता. खलाशी खाली मान घालून बोटं चाटत राहिले. 'असं नको बोलू' म्हणायला एकाचीही जीभ वळली नाही. केसरच्या अंगाची लाही लाही झाली. नवऱ्यानं हात उचलला असता तर तिनंही उचलला असता. पण चारचौघांत चोर म्हटल्यावर काय करायचं?

पुढच्या बाजाराला तिनं देवापुढचं पितळी माप उचललं. लग्नात उंबऱ्यावर जे माप ओलांडून ती या घरात आली, तेच हे शेराचं माप. ते घराबाहेर काढत नाहीत, काढलं तर लक्ष्मी जाते म्हणतात. "चोर म्हनवून घेतलंय, आता कंची लक्ष्मी ऱ्हायली?" असं शेजारच्या जनीला सुनावून ती निघाली. जनीही मागोमाग गेली. असला तमाशा कोण सोडतं?

बाळाजीशेट गोड माणूस. इतका गोड की मुंग्या लागाव्यात. "ये केसर, ये! सगळीकडं महागाई, पण आपला भाव तोच हो. गरिबाच्या पोटावर पाय नाही द्यायचा." असं म्हणत तो मोजायला बसला. धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. देणाऱ्याचं भलं, घेणाऱ्याचंही भलं. शेटनं आपला लोखंडी शेर शीग लावून भरला आणि खड्या आवाजात म्हटलं, "लाभ!"

केसरनं पितळी माप पुढं केलं. "ह्याच्यात वता."

शेटचा हात अडला. पण दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, मागं कसा घेणार? त्यानं ओतलं. शीग राहिली लांबच, तांदूळ काठालाही टेकला नाही.

"लाभ कुनाचा रं?" केसर ओरडली. तिनं त्याचा लोखंडी शेर हिसकावून पायरीवर आपटला, पुन्हा आपटला. आत बुडाच्या वर बसवलेला पत्रा खणकन सुटला आणि घरंगळत जनीच्या पायाशी गेला.

भाव वाढवला असता तर लोकांनी चार शिव्या हासडून दिला असता. पण या मेल्यानं भाव तोच ठेवला आणि शेर बारीक केला. घास चोरला त्यानं, आणि आळ आला चुलीपाशी बसणाऱ्या बायांवर. जनीला तिची सासू महिनाभर हेच ऐकवत होती. पत्रा हातात घेऊन ती तिथंच रडायला लागली.

"आता माज्या मापानं मोज," केसर म्हणाली. "आन लाभ नको म्हनू. तोटा म्हन."

व्यापाऱ्याच्या जिभेवर हा शब्द, तोही भर दुकानात! शेटचा चेहरा पांढराफटक पडला. पण बायांनी गराडा घातला होता. तो पुटपुटला, "तोटा."

"मोठ्यानं!"

त्याला मोठ्यानं म्हणावं लागलं. त्या दिवसापासून त्या दुकानाचं नाव 'तोट्याचं दुकान' पडलं ते पडलंच.

संध्याकाळी अंबाजी घरी आला. बातमी त्याच्या आधीच बंदरावर पोचली होती. "शेट लबाड हाय ते मना काय ठावं?" तो म्हणाला. "जाऊ दे आता."

"शेट लबाड हाय ते ठावं नव्हतं," केसर म्हणाली, "आन मी चोर हाय ते ठावं होतं?"

चुकलो म्हणायची त्याला सवय नव्हती. केसरनं त्याच्यासमोर रांजण ओढला आणि आणलेला तांदूळ पुन्हा मोजायला घेतला. पहिलं माप ओतताना म्हणाली, "दिघी." मग, "दोन. तीन."

पुढच्या बाजाराला तसंच, त्याच्या पुढच्यालाही तसंच. तिची आई वारली. खलाशी बदलले, होडी बदलली, घरात रतन ही सून आली. सासूचं बघून ती मोजायला शिकली आणि तिला वाटलं, या घरात 'लाभ'ला 'दिघी'च म्हणत असतील. एकदा पहिलं माप ओतता ओतता तिनं सहज विचारलं, "मामा, आपल्यात दिघी का म्हनतात?"

म्हातारा अंबाजी जेवायला बसला होता. पहिला घास तसाच ठेवून तो उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. केसरनं त्याचं ताट झाकून ठेवलं.

"थांबलीस का?" ती सुनेला म्हणाली. "दोन म्हन."