बापाला फोन लावणारे चौगुले सर

चौगुले सर विद्यार्थ्यांशी बोलतच नसत. ते थेट त्यांच्या बापाशी बोलत. आयटीच्या पोरांनी तिसऱ्या वर्षाला स्पेशलायझेशन निवडायचं असे. त्या आठवड्यात सर आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजच्या व्हरांड्यात मोबाईल घेऊन उभे राहत. ‘‘काय घेणार?’’ उत्तर तोंडातून पडायच्या आत पुढचा प्रश्न यायचा, ‘‘वडलांचा नंबर सांग.’’

त्यांचा विषय नेटवर्किंग. पुरेशी पोरं भरली नाहीत तर तो बंद पडणार, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण सरांचा आव असा, की जणू आमच्या कल्याणासाठीच झिजतायत!

मला एआय घ्यायचं होतं. मुरगूडला अप्पांच्या खताच्या दुकानात बसून मी उसाच्या पानांचे फोटो जमवले होते आणि रोग ओळखणारा प्रोग्राम लिहीत होते. तांबेरा तो ओळखायलाही लागला होता. हे सांगायला गेले तर सर म्हणाले, ‘‘पोरी, एआय म्हंजे जत्रंतला पाळणा. वर गेलीस की सगळं कोल्हापूर दिसतंय, खाली आलीस की हाय तिथंच!’’ आणि माझ्यासमोरच अप्पांना फोन लावला. ‘‘पावणं, पोरीचं वाटोळं करू नगासा. नेटवर्किंगला घाला. पोरांना काय कळतंय?’’

‘‘व्हय की सर. तुम्ही सांगशीला तसं,’’ अप्पा म्हणाले.

मास्तरांना दिलेला शब्द अप्पा मोडत नाहीत. मी भांडले, रडले, जेवणावर राग काढला, आणि शेवटी मुकाट्यानं सरांच्या वर्गात जाऊन बसले. सर जुन्या नोट्स वाचून दाखवत. शंका विचारली की म्हणत, ‘‘लावू काय घरी फोन?’’ त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचे म्हटलं तर एवढंच सुचतं, की त्यांनी कधी तास बुडवला नाही. बुडवला असता तर उपकार झाले असते.

आता मी पुण्यात नेटवर्किंगचीच नोकरी करते. पगार बरा आहे, मन लागत नाही. उसाचा प्रोग्राम तसाच अर्धवट पडलाय.

यंदा माझा धाकटा भाऊ त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला गेला. नेटवर्किंग अखेर बंद पडलं होतं. कॉलेजनं एआयची जादा तुकडी काढली आणि सरांना थोडं ट्रेनिंग देऊन तिच्यावर बसवलं. मी सुट्टीला घरी आले होते, दुकानातच होते, तेव्हा अप्पांचा फोन वाजला. अप्पा नेहमी स्पीकरवरच बोलतात.

‘‘पावणं, पोराला माझ्याकडं एआयला घाला. बाकीचं म्हंजे जत्रंतला पाळणा. वर गेला की सगळं कोल्हापूर दिसतंय, खाली आला की हाय तिथंच!’’

शब्द बदलायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, ‘‘पोराला इचारून सांगतो, सर. पोरीला इचारायचं ऱ्हायलंतं.’’

‘‘अवो पावणं, पोरांना काय कळत...’’

अप्पांनी फोन कापला. मास्तरांचा फोन त्यांनी जन्मात कधी कापला नव्हता.