कटिंग शिकवणाऱ्या बाईची मुलाखत

जबलपुरातल्या एका कपड्यांच्या कारखान्याची मी मॅनेजर होते. कारखाना बंद करायचं वरून ठरलं, तेव्हा कामावरून कमी होणाऱ्या बायकांची यादी मीच वाचून दाखवली होती. पुढे नोकरी सोडून मी एका संस्थेची जबाबदारी घेतली आणि शहरातल्याच गोहलपूर भागात शिवणकामाचं केंद्र सुरू करायचं ठरवलं. कटिंग शिकवायला कुणीतरी हवं होतं.

मुलाखतीला पहिलीच बाई आत आली आणि तिला ओळखून मी हातातला अर्ज खाली ठेवला. ती त्या यादीतली होती, आमच्याकडची सगळ्यात तरबेज कटर. शेजारी बसलेली माझी सहकारीण हळूच म्हणाली, "ताई, काहून गप्प झाल्या?"

मी काही विचारायच्या आधी ती बाईच बोलली, "मैडम, उस दिन नाम आपने पढ़े थे. एक बार भी ऊपर नहीं देखा."

"हिम्मत नहीं हुई," मी म्हणाले. हुकूम वरचा होता, हे सांगावंसं फार वाटलं. पण ती टक लावून बघत होती; मी ते सांगितलं नाही, आणि या वेळी नजरही खाली घातली नाही.

"ये भी बंद होगा क्या?"

छातीठोकपणे काहीच सांगता येत नव्हतं. "हो सकता है. पर इस बार पहले बताऊंगी, सामने बैठकर."

मग पिशवीतून स्वतःची कात्री काढून तिनं विचारलं, "कपड़ा कहां है?"

सोमवारी ती शिकवायला आली. माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.